प्रेक्षक मैदानांत उतरतो केव्हां?

मोठा क्रीडामहोत्सव भरला कीं राष्ट्राला व्यायामाचें वेड लागतें, ही समजूत जुनी आहे. तिची पारख लंडन येथें झाली. २०१२ च्या ऑलिंपिक सामन्यांचा मान मिळाल्यावर या निमित्तानें आणखी २० लाख लोकांना व्यायामाकडे वळवावयाचें, असा संकल्प ब्रिटिश सरकारनें सोडला. सामने थाटानें पार पडले. संकल्प मात्र त्यांच्या आधींच गुंडाळून ठेवण्यांत आला.

असें कां व्हावें? विक्रमवीराची धांव पाहून प्रेक्षक थक्क होतो, टाळ्या पिटतो. पण हें आपल्याला साधेल असें त्याला वाटत नाहीं. पन्नाशीच्या गृहस्थाला तर त्या वेळीं स्वतःच्या गुडघ्यांचीच आठवण व्हावयाची! ज्याला स्फुरण चढतें तो बहुधा आधींपासूनच खेळणारा असतो. आणि इतरांना उत्साह आलाच, तरी घराजवळ क्रीडांगण नको काय, शिकविणारा नको काय? त्याच सरकारी दरबारांतून २०१० सालीं शालेय खेळांच्या योजनेचें वार्षिक १६ कोटी २० लाख पौंडांचें अनुदान बंद करण्याचें जाहीर झालें. ओरड झाल्यावर कांहीं रक्कम परत मिळाली, एवढेंच. दिवा लावावयाचा आणि तेल काढून घ्यावयाचें, असा हा प्रकार!

त्याच शहरांत एक अगदीं लहान गोष्टही घडली होती. २ ऑक्टोबर २००४ रोजीं बुशी पार्क या उद्यानांत १३ माणसें पांच किलोमीटर धांवलीं. पुढें हा दर शनिवारीं सकाळचा परिपाठ झाला. फी नाहीं, पहिल्याला बक्षीस नाहीं. चालत जाणाऱ्यालाही मज्जाव नाहीं. उलट सर्वांच्या मागें राहण्यासाठीं एक स्वयंसेवक मुद्दाम नेमलेला असतो, त्यामुळें शेवटीं येण्याची लाज कोणालाच वाटत नाहीं. ही युक्ति फार मार्मिक आहे. ‘पार्करन’ नांवाचा हा उपक्रम आज अनेक देशांत चालतो.

म्हणून महोत्सव निरुपयोगी ठरतात, असें मात्र नव्हे. स्ट्रॅटफर्ड येथील ऑलिंपिकचा पोहण्याचा तलाव मार्च २०१४ मध्यें सामान्य जनांस खुला झाला. आपल्याकडे २००४ सालीं सुरू झालेल्या मुंबईच्या मॅरेथॉनमध्यें ४२.१९५ किलोमीटरच्या शर्यतीबरोबरच हौशी लोकांसाठीं थोड्या अंतराची धांवही ठेवलेली असते. तेथें रस्त्याच्या कडेला उभा राहून टाळ्या वाजविणारा पुढील वर्षीं स्वतःचें नांव नोंदवूं शकतो. आणि अर्ध्या मॅरेथॉनसाठीं नांव घातलें कीं जानेवारीच्या त्या एका सकाळीसाठीं कित्येक महिने पहांटे उठून सराव करणें त्याला भागच पडतें.