गोठ्यासाठी कमी-अधिक उजेडाचा घरगुती एलईडी दिवा

गाय किंवा म्हैस विण्याच्या बेतात असली म्हणजे शेतकऱ्यास रात्रीतून तीन-चार वेळा गोठ्यात फेरी मारावी लागते. नुसत्या देखरेखीस मंद उजेड पुरतो व जनावरही बुजत नाही. परंतु वासराचे पाय दिसू लागताच भरपूर प्रकाश हवा असतो. कंदिलाची वात कमी-जास्त करून ही सोय होत असे, तथापि कडब्याशेजारी ज्योत बाळगणे केव्हाही धोक्याचेच. त्याऐवजी १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा, अठरा लहान एलईडींचा दिवा घरच्या घरी तयार करता येतो. त्याची जोडणी मात्र हिशेबाने केली पाहिजे.

५ मिलिमीटर जाडीच्या पांढऱ्या एलईडीस सुमारे ३ व्होल्ट दाब लागतो आणि त्यातून २० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह जाऊ देऊ नये. एलईडी स्वतःचा प्रवाह स्वतः आवरीत नाही. दाब थोडा वाढला तरी प्रवाह बेसुमार वाढतो व एलईडी तापून लवकर निकामी होतो. म्हणून प्रवाहाच्या वाटेत रोधक, म्हणजे दुकानदार ज्यास रेझिस्टन्स म्हणतात तो, घालावा लागतो.

तीन एलईडी एकापुढे एक जोडले असता ते मिळून ९ व्होल्ट घेतात. उरलेला दाब रोधकाने घ्यावयाचा. येथेच पुष्कळांची चूक होते. बॅटरीवर १२ हा आकडा असतो, म्हणून ३ व्होल्ट उरले असे धरून ते १५० ओहमचा रोधक बसवितात. वस्तुतः बॅटरी चार्ज होत असताना तिचा दाब १४.४ व्होल्टपर्यंत चढतो. त्या वेळी रोधकाच्या वाट्यास ५.४ व्होल्ट येतात व २० च्या ठिकाणी ३६ मिलिअँपिअर वाहू लागतात. सबब चढ्या दाबाचाच हिशेब धरून २७० ओहमचा, पाव वॅटचा रोधक घ्यावा. दाब १२.५ व्होल्टवर असता प्रवाह १३ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. उजेड थोडा कमी पडतो, पण एलईडी टिकतात. चार एलईडींची सर करण्याचा मोह टाळावा. चौघांतच १२ व्होल्ट खर्ची पडतात आणि बॅटरी जराशी उतरताच उजेड मावळतो.

अशा सहा सरी कराव्यात व प्रत्येकीस स्वतंत्र रोधक द्यावा. सर्वांस मिळून एकच रोधक बसविल्यास, एखादी सर तुटताच तिच्या वाट्याचा प्रवाह उरलेल्या पाचांवर पडतो. रोधकासारख्या स्वस्त वस्तूत ही काटकसर कशासाठी करावी? एलईडीचा लांब पाय धन बाजूस येतो. उलटा जोडल्यास सबंध सर पेटत नाही. डाख देण्यापूर्वी प्रत्येक सर रोधकासह बॅटरीवर लावून पाहावी.

उजेड कमी करण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे एक सर एका बटणावर व पाच सरी दुसऱ्यावर घेणे. आमच्या मते गोठ्यास एवढे पुरेसे आहे. ज्यांना उजेड हळूहळू कमी-जास्त करावयाचा असेल त्यांनी एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारा १२ व्होल्टचा पीडब्ल्यूएम डिमर बॅटरी व दिवा यांच्या मध्ये जोडावा. तो प्रवाह सेकंदास शेकडो वेळा चालू-बंद करतो. डोळ्यांस ती उघडझाप जाणवत नाही, केवळ उजेड मंद भासतो. पंख्याचा रेग्युलेटर येथे चालत नाही, कारण तो घरातील २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहासाठी असतो.

सहाही सरी लावल्या तरी १२.५ व्होल्टवर सुमारे ७८ मिलिअँपिअर प्रवाह लागतो. ७ अँपिअर-तासांची चांगली बॅटरी निम्मी वापरली तरी ४५ तास जातात.

दिव्याचा प्रवाह एवढा थोडा असला तरी बॅटरीस निरुपद्रवी समजू नये. उंदराने तार कुरतडून दोन्ही तारा एकमेकींस टेकल्या तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडू शकते. तार लाल होते आणि खाली वैरण असते. म्हणून धन टोकाच्या अगदी जवळ १ अँपिअरचा फ्यूज अवश्य घालावा. जनावरांच्या मूत्रातून निघणाऱ्या अमोनियाने तांब्याचे सांधे खराब होतात. त्यांवर व्हार्निशचा हात द्यावा. तारा नळीतून न्याव्यात व दिवा जनावराचे शिंग पोहोचणार नाही अशा उंचीवर वाशास बांधावा.