दुचाकीसाठी पाने निवडताना

घरच्या घरी दुचाकी दुरुस्त करायची तर भल्यामोठ्या संचापेक्षा मोजकीच, पण चांगली हत्यारे घ्यावीत. 8, 10, 12, 14 आणि 17 मिलिमीटरचे पाने बहुतेक कामांना पुरतात. पाना क्रोम-व्हॅनेडियम पोलादाचा असावा. हलक्या धातूच्या पान्याचे तोंड जोर लावताच फाकते, बोल्टचे कोपरे झिजतात आणि साधे काम अवघड होऊन बसते. गच्च बसलेल्या बोल्टला उघड्या तोंडाचा पाना लावूच नये; तो दोनच बाजू धरतो. तिथे रिंग पाना किंवा सहा कोनांचा गोटी पाना हवा. बारा कोनांची गोटी अडचणीच्या जागी चटकन बसते, पण जुन्या, गंजलेल्या बोल्टवरून सहज घसरते. स्क्रू ड्रायव्हरचे टोक खाचेत घट्ट बसते का, हेही विकत घेतानाच पाहावे.