लेन्स बसते, पण फोकस होत नाही

जुनी लेन्स घ्यायला भिवंडीहून मुंबईच्या बोरा बाजारात जाणार असाल, तर आधी एक गोष्ट तपासा: फोकसची मोटर कुठे आहे? निकॉनच्या जुन्या ‘एएफ-डी’ लेन्समध्ये मोटर नसते. कॅमेऱ्यातली मोटर माउंटमधल्या बारीक दांड्याने लेन्सचा फोकस फिरवते. २००६ च्या डी४० पासून निकॉनने स्वस्त कॅमेऱ्यांतून ही मोटर काढली. त्यामुळे डी३००० आणि डी५००० मालिकांवर ५० एमएम एफ/१.८डी बसते, फोटोही निघतो, पण फोकस हातानेच करावा लागतो. व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका मदत करतो, तरी वरातीतल्या नाचापुढे हात कमी पडतो.

‘एएफ-एस’ लेन्समध्ये स्वतःची मोटर असते, म्हणून ५० एमएम एफ/१.८जी या कॅमेऱ्यांवर आपोआप फोकस करते. ‘एएफ-पी’ लेन्समध्येही मोटर असते. पण डी३१००, डी३२००, डी५१०० अशा जुन्या कॅमेऱ्यांवर तिचा फोकस चालत नाही, हातानेसुद्धा नाही.

कॅनन ईओएस डीएसएलआरवाल्यांना ही चिंता नाही. १९८७ पासून ऑटोफोकसच्या प्रत्येक ईएफ लेन्समध्येच मोटर आहे.

लेन्स आपल्याच कॅमेऱ्यावर लावून पाहा, मगच पैसे द्या.