विश्लेषण : आजाऱ्याला सांभाळणाऱ्यांच्या मदतगटात सांगितलेले घरचे पुढे कुठे जाते?

अंथरुणाला खिळलेले वडील, स्मृतिभ्रंश झालेली सासू, स्किझोफ्रेनिया असलेला भाऊ किंवा सेरेब्रल पाल्सी असलेले मूल यांना घरात सांभाळणाऱ्यांसाठी राज्यात अनेक संस्था आणि मदतगट काम करतात. मदत घ्यायची तर घरातले बाहेर सांगावे लागते. ते कोण लिहून ठेवतो, कोण वाचतो, किती वर्षे ठेवतो, हे आजवर फारसे कुणी विचारत नव्हते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संस्थांवरची बहुतेक बंधने १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होत आहेत. कडेगावसारख्या तालुक्यात एखादा मदतगट चालवणाऱ्यांना आणि तिथे जाणाऱ्यांनाही यातले काय ठाऊक हवे?

'शुभंकर' कोण?

मराठीत यासाठी एक चांगला शब्द आहे. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन (सा) ही संस्था कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने उभी राहिली. २००४ चा 'देवराई' हा चित्रपट याच कामाशी जोडलेला. तिथे रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याला सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळातही हेच शब्द रूढ आहेत. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा 'सहचरी' हा गट व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी आहे. या सगळ्यांचा पाया एकच : इथे बोललेले बाहेर जाणार नाही, हा भरवसा. तो नसेल तर दुसऱ्या बैठकीला कोणी येत नाही.

कडेगावात हा प्रश्न वेगळा का?

कडेगाव, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातील हजारो कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायासाठी देशभर पांगलेली आहेत. मुलगा तमिळनाडूत किंवा केरळात, आई-वडील गावी आणि सांभाळायला सून, मुलगी किंवा भावकीतले कुणी. उपचार कऱ्हाडला नाहीतर मिरजेला. अशा घरात रिपोर्ट, गोळ्यांची चिठ्ठी, आधार कार्ड, बँकेचे पासबुक हे सगळे व्हॉट्सॲपवरून फिरते. संस्थेकडेही ते त्याच वाटेने येते.

यावर नेहमीचे उत्तर असते, 'गावात काय लपून राहतंय? सगळ्यांना सगळं माहीतच असतं.' हे अर्धेच खरे. गावाला माहीत असते ते इतकेच की म्हातारीला आता आठवत नाही. मदतगटाच्या नोंदीत मात्र निदान कोणत्या महिन्यात झाले, कोणत्या गोळ्या चालू आहेत, रात्री तिला कोंडून ठेवावे लागते का आणि सून स्वतः किती थकली आहे, हे असते. यातल्या निदानाच्या तारखेला जमिनीच्या वादात मोल येते. बक्षीसपत्रावर किंवा मृत्युपत्रावर अंगठा उठवला तेव्हा ती भानावर होती का, हा प्रश्न दिवाणी दाव्यात हमखास उभा राहतो. आणि भावाला मानसिक आजार आहे हे बाहेर गेले की बहिणीच्या स्थळाचा निरोप येत नाही. कारण कुणी सांगत नाही, पण घरच्यांना कळते.

एकाच नोंदीत दोन माणसे कशी?

मदतगटाची अडचण दवाखान्यापेक्षा अवघड आहे. दवाखान्यात माहिती रुग्णाची आणि सांगणाराही बहुधा रुग्णच. इथे बोलते सून, पण तिच्या बोलण्यात निम्मी माहिती सासूची असते.

समजा, एका बैठकीत सून म्हणाली, "आत्या मला ओळखत नाहीत, अंगावर येतात, परवा मीही हात उगारला." यातला पहिला भाग सासूच्या आजाराचा, दुसरा सुनेच्या अपराधी वाटण्याचा. हे एकाच कागदावर लिहिले आणि पुढे मुलाने 'आईची फाइल द्या' म्हणून मागितली, तर सुनेने विश्वासाने सांगितलेले नवऱ्याच्या हातात जाते. उलट सुनेच्या नावाने ठेवलेली नोंद कुणा सामाजिक कार्यकर्त्याने पाहिली तर सासूचे निदान उघडे पडते.

नव्या कायद्यानुसार संमती लागते ती ज्याची माहिती आहे त्या व्यक्तीची. सुनेच्या सहीने सासूची संमती मिळत नाही. म्हणून दोघींच्या नोंदी वेगळ्या ठेवणे आणि रुग्णाबद्दल कामापुरतेच लिहिणे, एवढे तरी संस्थेने करायला हवे. सुनेला बैठकीची वेळ कळवायची असेल तर तिचे नाव आणि फोन पुरतो. सासूचा आधार क्रमांक कशाला? डायपर किंवा वॉकर द्यायचा असला तरी आधारची झेरॉक्स घेण्याची आपल्याकडची सवय केवळ सवय आहे. ओळख पटवायचीच असेल तर शेवटचे चार आकडे दिसणारे 'मास्क्ड आधार' चालते. ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवता येते.

कायदा छोट्या मंडळाला लागू होतो का?

होतो. २०११ चे जुने नियम मुख्यतः कंपन्या आणि व्यावसायिक कामकाजासाठी होते, त्यामुळे धर्मादाय संस्था बऱ्याच अंशी त्यांच्या बाहेर राहिल्या. २०२३ च्या कायद्यात 'व्यक्ती' या शब्दात नोंदणीकृत असो वा नसो, लोकांचा कोणताही समूह येतो.

मात्र कायदा डिजिटल माहितीचा आहे. दोनशे पानी वहीत पेनने लिहिलेली नोंद त्याच्या कक्षेत नाही. त्याच वहीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढला किंवा ती नावे एक्सेलमध्ये भरली की ती कक्षेत येते. आजच्या काळात फोटो न काढलेली वही शोधावीच लागेल. घरगुती वापर मात्र बाहेर ठेवला आहे : भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आईचा रिपोर्ट टाकला तर हा कायदा लागत नाही. संस्थेच्या ग्रुपला ही सूट नाही.

दंडाचा आकडा मोठा आहे. माहिती सुरक्षित ठेवण्यात कसूर झाल्यास कमाल २५० कोटी रुपये. ही कमाल मर्यादा आहे. चुकीचे स्वरूप, गांभीर्य, नुकसान कमी करण्यासाठी काय केले हे पाहून रक्कम ठरते. पाच जणांच्या मंडळाने या आकड्याने घाबरून काम बंद करण्याचे कारण नाही. ब्रिटन आणि युरोपच्या कायद्यात आरोग्याची माहिती विशेष संरक्षित गटात मोडते. आपल्या २०२३ च्या कायद्यात असा वेगळा गट नाही. फोन नंबर आणि स्किझोफ्रेनियाचे निदान यांना एकच नियम. ही उणीवच म्हणावी लागेल आणि ती संस्थांनी आपल्या शिस्तीने भरून काढायची आहे.

संमती कशी घ्यायची?

संमतीआधी सूचना द्यावी लागते : कोणती माहिती घेतो, कशासाठी, संमती मागे कशी घ्यायची, तक्रार कुठे करायची. ही सूचना इंग्रजीसोबत आठव्या अनुसूचीतील भाषांमध्ये, म्हणजे मराठीतही मिळाली पाहिजे. संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे. चार पानी छापील अर्जापेक्षा मोठ्याने वाचून दाखवता येईल असे काही हवे. उदाहरणार्थ :

"तुमचे नाव, फोन आणि तुम्ही कोणाला सांभाळता एवढे आम्ही लिहून घेतो. बैठकीची वेळ कळवायला आणि मदत ठरवायला ते लागते. आमचे दोन कार्यकर्ते सोडून ते कोणी पाहणार नाही. तुमचा फोटो छापणार नाही. नको वाटले तर एक फोन करा, नोंद काढून टाकू. मदत त्यामुळे थांबणार नाही."

शेवटचे वाक्य महत्त्वाचे. 'सही केली नाहीस तर व्हीलचेअर नाही' अशी संमती कायद्याने मोकळी संमती ठरत नाही. सगळेच पुसता येते असे मात्र नाही. करसवलतीची पावती घेतलेल्या देणगीदाराची ओळख आयकर विभागाला कळवावी लागते, ती नोंद ठेवावीच लागते.

रुग्णाला कळतच नसेल तर?

इथे सर्वाधिक गोंधळ आहे. अपंग व्यक्तीचा कायदेशीर पालक असेल तर त्याची पडताळता येणारी संमती लागते. पण 'कायदेशीर पालक' म्हणजे रोज अंघोळ घालणारी सून नव्हे. न्यायालयाने किंवा कायद्याने अधिकार दिलेल्या प्राधिकरणाने नेमलेली व्यक्ती म्हणजे पालक. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील स्थानिक स्तर समिती पालक नेमते. स्मृतिभ्रंशाच्या बहुतेक घरांत असा कोणीही नेमलेला नसतो.

आजार वाढण्याआधी दोन गोष्टी करता येतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी ठरवू शकते. डॉक्टर त्या प्रतिनिधीला आवश्यक ती माहिती देऊ शकतात. डेटा कायद्यातही, आपण अक्षम झालो किंवा वारलो तर आपले हक्क कोणी बजावायचे, हे आधी नेमून ठेवण्याची तरतूद आहे. स्टॅम्प पेपरचा खर्च नाही म्हणून कदाचित या कागदाला कोणी गंभीरपणे घेत नाही.

अठरा वर्षांखालील मुलांचा पेच आणखी निराळा. वडिलांच्या व्यसनामुळे घर सांभाळणारी पंधरा वर्षांची मुलगी मदतगटाकडे आली, तर तिची माहिती डिजिटल स्वरूपात नोंदवायला पालकांची संमती लागते. म्हणजे कदाचित त्याच वडिलांची. दवाखाने आणि आरोग्य व्यावसायिकांना नियमांत सवलत आहे. साध्या मदतगटाला ती आपोआप मिळत नाही. अशा वेळी आधी मुलीचे ऐकावे, नोंद नंतर पाहावी आणि तिला 'टेलिमानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकाशी जोडून द्यावे, हा व्यवहार्य मार्ग.

व्हॉट्सॲप ग्रुप, फोटो आणि फ्लेक्स

गळती होते ती बहुतेकदा इथे. 'डिमेंशिया मदतगट' नावाच्या ग्रुपमध्ये एखाद्याला जोडले की त्याचा नंबर सगळ्या सदस्यांना दिसतो आणि ग्रुपच्या नावावरून घरातला आजारही कळतो. बैठकीचा निरोपच द्यायचा असेल तर ब्रॉडकास्ट लिस्ट वापरावी. त्यात सदस्य एकमेकांना दिसत नाहीत. फक्त त्यांनी संस्थेचा नंबर सेव्ह केलेला असावा लागतो. ग्रुप हवाच असेल तर त्याचे नाव साधे ठेवावे, रिपोर्टचे फोटो त्यावर मागू नयेत. कार्यकर्त्याच्या फोनवर फोटो आपोआप गॅलरीत उतरतात, तिथून क्लाउडवर जातात आणि तोच फोन घरात मुले खेळायला घेतात.

साहित्य वाटपाच्या फोटोचे तर काय सांगावे! व्हीलचेअरवर आजोबा, मागे सात पाहुणे, हातात फलक. असे फोटो वृत्तपत्रेही मागतात आणि छापतात, हे मान्य करायला हवे. मानसिक आरोग्य आस्थापनेत उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. एचआयव्हीबाबत त्याच वर्षीचा वेगळा कायदा आहे : विश्वासाने सांगितलेली स्थिती लेखी संमतीशिवाय उघड करता येत नाही. सांगली जिल्ह्यात हे नवे नाही. 'संग्राम' ही संस्था १९९२ पासून इथे या प्रश्नावर काम करते आहे आणि नाव बाहेर फुटण्याची भीती उपचाराच्या आड कशी येते, हे जिल्ह्याने पाहिले आहे. देणगीदाराला पुरावा हवा असेल तर व्हीलचेअरचा फोटो पाठवावा. माणसाचा कशाला?

गुप्तता कधी मोडावी लागते?

जिवाला धोका असेल तेव्हा. वैद्यकीय आणीबाणीत संमतीविना माहिती वापरण्याची मुभा कायद्यातच आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पॉक्सो कायद्यानुसार कळवणे बंधनकारक आहे. हे अपवाद पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजेत, म्हणजे पुढे कुणाला फसवणूक वाटत नाही.

माहिती फुटली तर काय?

फोन हरवला, यादी चुकून भलत्या ग्रुपवर गेली, तर संस्थेने संबंधित प्रत्येकाला विलंब न लावता कळवायचे आणि डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत सविस्तर माहिती द्यायची. तक्रारदाराने आधी संस्थेकडे जायचे. तिने जास्तीत जास्त ९० दिवसांत उत्तर द्यायचे. समाधान झाले नाही तर मंडळाकडे. मंडळाचे काम ऑनलाइन चालणार असल्याने दिल्लीला खेटे घालावे लागणार नाहीत.

आणि जुन्या नोंदी? कायदा लागू होण्यापूर्वी संमतीने घेतलेल्या डिजिटल माहितीबाबतही संस्थेला शक्य तितक्या लवकर ही सूचना द्यावी लागणार आहे. ज्यांच्याशी आता संपर्क नाही, ज्यांचा रुग्ण कधीच वारला, अशांची नावे याद्यांतून काढून टाकायला मे २०२७ पर्यंत वेळ आहे.