देवे किती, रक्त कोणतं?

तेलंगणातल्या उटनूर भागात गोंड घरात सोयरिकीचं बोलणं निघालं की आधी कुळाच्या देवांची संख्या विचारतात. चार देवे, पाच देवे, सहा देवे की सात देवे? सारखी संख्या निघाली तर बोलणं तिथंच थांबतं, कारण ते सगळे भाऊबंद. हा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला आहे. त्याच बैठकीत आता आणखी एक गोष्ट विचारायला हवी: मुलाची आणि मुलीची सिकलसेल तपासणी झाली आहे का?

शहरांत सध्या दीर्घायुष्याची मोठी चर्चा आहे. मनगटावरचं घड्याळ झोप मोजतं, वाढदिवसाला ‘फुल बॉडी चेकअप’ भेट दिला जातो. आजाराला आधीच गाठावं ही समज चांगलीच आहे, ती पसरते आहे याचा आनंदच वाटतो. पण देशाचं सरासरी आयुर्मान 1951च्या सुमारास जेमतेम 32 वर्षं होतं आणि आज ते 70च्या घरात आहे, ते मुख्यतः पाळण्यातली मुलं जगू लागली म्हणून. प्राणहिता नदीपलीकडच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. 39 गावांतले नवजातांचे मृत्यू त्यामुळे 62 टक्क्यांनी घटले, हे 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं.

सिकलसेललाही असंच वेळीच गाठायला हवं. या आजारात रक्तातल्या गोल, लवचिक लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडांत, छातीत असह्य कळा येतात, प्लीहा निकामी होते, साधा जंतुसंसर्गही लहान मुलाच्या जिवावर बेततो. हा आनुवंशिक दोष जंगलपट्ट्यात टिकला तो मलेरियामुळे. आईबापांपैकी एकाकडूनच दोष आला, तर माणूस फक्त ‘वाहक’ असतो आणि गंभीर मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. पूर्वजांना ज्यानं तारलं, तेच नातवंडांच्या रक्तात दुप्पट झालं की मारक ठरतं.

वाहकाला बहुधा काहीच त्रास नसतो, म्हणून त्याला ते ठाऊकही नसतं. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गर्भारपणात बाळ आजारी असण्याची शक्यता 25 टक्के. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची सुटली, असं नसतं. वाहकाचं लग्न निर्दोष रक्ताच्या जोडीदाराशी झालं, तर सिकलसेलचं आजारी मूल जन्मत नाही. हे नीट सांगितलं नाही तर तपासणीचा एकच अर्थ उरेल: मुलगी नाकारायला नवं निमित्त. ते होता कामा नये.

1 जुलै 2023ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे तिचं उद्दिष्ट. आजार आधी कळला तर बाळाला पेनिसिलिन देता येतं, पुढे हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्यांनी कळा कमी होतात, आयुष्य वाढतं.

रक्त कमी असण्याचं कारण दर वेळी सिकलसेलच असतं असं नाही. उटनूरमध्ये आदिवासी महिलांची सहकारी संस्था मोहफुलांचे लाडू करते. मोहफूल म्हणजे तेलुगूतलं इप्पपुव्वु. रक्त कमी असलेल्या गर्भवतींना आणि शाळकरी मुलांना हे लाडू देण्याचा उपक्रम इथं झाला. जंगलातलंच अन्न पोषणासाठी पुन्हा ताटात आलं, हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र जेवणात लोह कमी पडून आलेला पंडुरोग वेगळा आणि सिकलसेलचा वेगळा. पहिल्याला आहार आणि लोहाच्या गोळ्या लागू पडतात; दुसरा लाडवांनी जात नाही. कुठल्या घरात कोणता, हे रक्त तपासल्यावरच कळतं.

आणि हे सगळं सोयरिकीच्या बैठकीत पहिल्यांदा उघड होणं फार उशिराचं आहे. तिथे पाहुणे बसलेले असतात, मन जुळलेलं असतं. आश्रमशाळेतून बाहेर पडण्याआधीच प्रत्येक मुलामुलीच्या हातात आपल्या रक्ताचं कार्ड असावं, आणि त्यावर काय लिहिलं आहे ते त्यांना कुणीतरी शांतपणे, त्यांच्या गोंडी किंवा कोलामी भाषेत, समजावून सांगितलेलं असावं.