पटावरील विनय

आमच्या नाशिक नगरीचे विदित गुजराथी २०२४ सालीं बुडापेस्ट येथील बुद्धिबळ ऑलिंपियाडांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघांत होते, हें वाचकांस ठाऊक असेलच. १९२७ सालीं लंडन येथें १६ संघांनिशीं आरंभलेला हा मेळा होय.

परंतु तेथील शिष्टाचार आम्हांस विजयाहूनही अनुकरणीय वाटतो. डावाच्या आधीं व शेवटीं हस्तांदोलन. हात लावलेला मोहरा खेळलाच पाहिजे. नुसता नीट ठेवावयाचा असल्यास तसें आधीं सांगावें. आणि हरला तरी डावाच्या नोंदीवर स्वाक्षरी करावी.

आमच्या घरीं मात्र नातू हरतांच पट उधळतो. कारण आजोबाच, म्हणजे मीच, चुकलेली खेळी परत घेतों! हा दोष वडीलधाऱ्यांनीं प्रथम टाकावा. हार विनयानें पत्करणें मुलें पाहूनच शिकतात.