दातवण, मिशेरी आणि दातांवरील डाग

पालघर तालुक्यातील माकुणसार हे केळवे-माहीमच्या शेजारचे गाव. काही वर्षांपूर्वी वाडवळी बोलीतील घरगुती शब्दांचा संग्रह करीत असता प्रस्तुत लेखकाचा तेथे मुक्काम होता. ज्या घरी उतरलो होतो त्या घरातील आजींचे दात मुळाशी काळे आणि टोकांकडे तपकिरी झालेले होते. आजी तंबाखू खातात काय, असे सहज विचारले. "नाही बाबा, तंबाखू मी खात नाही," असे त्यांनी ठामपणे सांगितले; आणि थोड्याच वेळाने कनवटीची डबी काढून चिमूटभर काळी पूड तळहातावर घेतली व बोटाने हिरड्यांना चोळण्यास आरंभ केला. ही तंबाखूच ना, असे म्हणताच उत्तर आले, "ही मिशेरी. ती खात नाहीत, लावतात."

आजी खोटे बोलत नव्हत्या. मराठीच्या नियमाप्रमाणे त्यांचे म्हणणे बरोबरच होते. आपण तंबाखू खातो, विडी ओढतो, तपकीरही ओढतोच, पण मिशेरी मात्र लावतो किंवा तिने दात घासतो. 'लावणे' हे क्रियापद कुंकू, काजळ, तेल आणि मलम यांच्या सोबतीचे आहे. जे लावले जाते ते अंगाबाहेर राहते, असा त्यात गर्भित समज असतो. वस्तुतः मिशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. ती तोंडात घोळते, तिच्यातील निकोटीन हिरड्यांवाटे रक्तात उतरते, आणि दात घासण्याच्या निमित्ताने सुरू झालेली सवय व्यसन होऊन बसते. तंबाखू 'खाता' का, एवढेच विचारणाऱ्या आरोग्यपत्रकात अशा स्त्रियांची नोंद 'नाही' या रकान्यात पडण्याचा धोका उघड आहे.

'मिशेरी' (मशेरी, मिश्री ही तिचीच रूपे) या शब्दाचा संबंध उत्तरेकडील 'मिस्सी'शी असावा. मिस्सी ही दात काळे करण्याची शृंगाराची पूड, आणि तिचे नाव फारसी 'मिस' म्हणजे तांबे यावरून आले असे कोशकार सांगतात. खडीसाखरेची 'मिश्री' मात्र निराळी. ती मिसर देशाच्या नावावरून आली.

'दातवण' हा शब्द याहून मनोरंजक आहे. मराठीत तो मुख्यत्वे स्त्रियांच्या काळ्या दंतचूर्णाला लावला जाई. संस्कृत 'दंतपवन' म्हणजे दात स्वच्छ करण्याची काडी. स्वरमध्य प-चा व आणि न-चा ण होणे हे मराठीच्या ध्वनिपरिवर्तनाशी सर्वस्वी जुळते. अर्धमागधीत 'दंतवण' आढळतो. दशवैकालिकात मुनींना वर्ज्य असलेल्या गोष्टींत अंजनाच्या जोडीला तो येतो. माकुणसारपासून फार दूर नसलेल्या गुजरातीतही 'दातण' काडीच आहे. पण ध्वनिदृष्ट्या 'दंतवर्ण' यापासूनही 'दातवण' सिद्ध होऊ शकतो, कारण र्ण-चा ण होऊन 'वर्ण'चा 'वाण' झालेला आपण पाहतोच. एका व्युत्पत्तीने हा शब्द स्वच्छ करण्याचा, दुसरीने रंगविण्याचा. भगिनीभाषांचा कौल 'दंतपवन'च्या बाजूने आहे. तथापि दुसरी व्युत्पत्ती सुचावी असे त्या पुडीचे काम होते, हेही खरे. हिरडा किंवा मायफळ यांतील तुरट द्रव्याचा हिराकसातील लोहाशी संयोग झाला की काळा रंग उत्पन्न होतो. जुन्या काळी शाई करण्याची रीत हीच होती. आजही लोहाचे पातळ औषध घेणाऱ्यांचे दात काळवंडतात. सुपारी आणि कात यांतील कषायद्रव्ये चुन्याच्या संगतीने लाल होतात व दातांवर बसून तपकिरी होत जातात. केळवे-माहीमच्या वाड्यांतील पानवेल याबाबत निर्दोष आहे. दोष विड्याच्या इतर सामग्रीचा. चहाचा डागही याच कुळातला. तंबाखूत यांखेरीज डांबरासारखी द्रव्ये असतात.

हे सर्व डाग बाहेरून बसणारे. दातांवर साचलेल्या कीटणाच्या खडबडीत थरावर ते अधिक लवकर धरतात. दुसरा वर्ग दाताच्या घडणीतच शिरलेल्या डागांचा. दात घडत असता पाण्यातून अतिरिक्त फ्लोराइड पोटात गेले तर त्यावर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे उमटतात. भारतात हा विकार 1937 साली तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून प्रथम नोंदला गेला. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांचे भूजल त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकारार्ह, आणि दुसरा स्रोत नसल्यास 1.5 मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा होय. गर्भारपणाच्या उत्तरार्धात आईला, किंवा आठ वर्षांखालील मुलाला टेट्रासायक्लिन दिल्यास मुलाच्या दातांत पिवळा-करडा रंग कायमचा राहू शकतो. मार लागून आतील मज्जा मेलेला एखादाच दात काळा पडतो. वयोमानाने वरचे कवच झिजते आणि आतील पिवळसर दंतिन दिसू लागते. यात रोग काहीच नाही.

उपाय या भेदावर अवलंबून असतो. बाहेरचा डाग दंतवैद्याने कीटण काढून व दात चकचकीत करून दिल्यास बहुधा जातो. सवय न सुटल्यास तो अर्थातच परत येतो. आतील डागावर घासण्याचा उपयोग नाही. तेथे पेरॉक्साइडयुक्त द्रव्याने विरंजन, कवचाचा अगदी पातळ थर काढणे किंवा वरून आवरण बसविणे हे मार्ग आहेत, आणि ते दंतवैद्याकडूनच व्हावेत. राखुंडी, विटेची पूड, कोळसा आणि लिंबाचा रस यांची घरगुती शिफारस अद्याप ऐकू येते. दातांचे कवच एकदा झिजले की पुन्हा उगवत नाही. त्यामुळे या 'सफेदी'ची किंमत पुढे ठणक्याच्या रूपाने द्यावी लागते. मऊ कुंचला आणि फ्लोराइडयुक्त साधे दंतमंजन दिवसातून दोनदा पुरेसे आहे.

मिशेरीच्या बाबतीत मात्र डाग ही सर्वांत किरकोळ हानी म्हटली पाहिजे. तिने मुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. मुंबईतील 1217 गर्भवती स्त्रियांचे एक संशोधन 2004 साली प्रसिद्ध झाले. तीत धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रिया बहुतांशी मिशेरीच लावणाऱ्या होत्या, आणि त्यांच्या अर्भकांचे वजन इतरांच्या मानाने सरासरी 105 ग्रॅमने कमी भरले. दंतमंजनात तंबाखू घालून विकण्यास 1992 पासून देशात बंदी आहे. पण घरच्या तव्यावर कायदा पोचत नाही.

तेव्हा निदान प्रश्न तरी नीट विचारला जावा. दुसऱ्या मुक्कामात आजींना आम्ही विचारले, "मिशेरी दिवसातून किती वेळा लावता?" त्यांनी बोटे मोजली: उठल्यावर, न्याहारीनंतर, दुपारी जेवल्यावर, दिवेलागणीला आणि निजताना. मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि मध्ये कधी तलफ आली तर."